लोअर परळचा नवा रेट्रो क्लब: फरशी पास, पाटी नापास

पाट्या आणि लोगो डिझाइन करणं हा माझा धंदा. त्यामुळे जुन्या गिरणीच्या आवारात उघडलेल्या या क्लबात भाचीने ओढून नेलं, तेव्हा तिचं लक्ष गाण्यांकडे आणि माझं जमिनीकडे. नाव लिहीत नाही. त्या गल्लीतून जाणाऱ्याला कळेल.

फरशी मात्र बघायलाच जा. खरी, जागेवर ओतलेली मोझॅक आहे: सिमेंटमध्ये संगमरवराची खडी, मधून पितळी पट्ट्या, वरून घासून पॉलिश. हल्ली सर्रास छापील टाइल्स बसवतात आणि चार पावलांवर तोच ठिपका पुन्हा भेटतो. इथे मी वाकून शोधलं (भाचीने ओळख दाखवली नाही), एकही सापडला नाही. पट्ट्यांची वर्तुळं दाराशी सैल आहेत, नाचायच्या जागेकडे दाट होत जातात. पाय आपसूक तिकडे वळतात. बारच्या काउंटरची गोलाई तीसच्या दशकातल्या आर्ट डेकोची, १९३८ च्या इरॉस थिएटरच्या घराण्यातली. त्यावर सत्तरच्या दशकातल्या डिस्कोचा आरशांचा गोळा टांगलाय, तरी भांडण होत नाही. गोळ्यावर अरुंद झोताचे दिवे आणि बाकी खोली अंधारी, म्हणून भिंतीवरचे ठिपके रेखीव पडतात. ‘निऑन’ म्हणून मिरवलेल्या नळ्या मात्र सिलिकॉनमधल्या एलईडी. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर काळे पट्टेही सरकताना दिसतात.

आता पाटी. इंग्रजी लोगो समांतर रेघांचा, अमेरिकन डिझायनर लान्स वायमनने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी केलेल्या कामाच्या वळणाचा. उसनवारीला माझी ना नाही. पण शेजारचं मराठी नाव? कायद्यापुरतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणून उंची बरोब्बर मोजून दिलीय आणि फॉन्ट झेरॉक्सच्या दुकानातला. अहो, शिरोरेषा आयती समोर होती! तिच्याच तीन रेघा करून अख्ख्या नावावरून ओढल्या असत्या, तर इंग्रजी लोगो फिका पडला असता.

कोस्टरवर, मेन्यूवर, मनगटावरच्या शिक्क्यावर ‘सिन्स १९८२’. मॅनेजरला विचारलं, हे साल कुठून आलं? म्हणाला, ‘‘वाइब, मॅम.’’ १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या वर्षी या आवारात भोंगाही वाजत नव्हता. आमच्या लालबागेत हे शाळकरी पोरही सांगेल. ब्रँडिंगवाल्यांना कुणी विचारायला सांगितलं नसावं. मी त्याला संपाआधीचं १९७८ सुचवलं. त्याने हसून मान डोलावली, म्हणजे काही होणार नाही.

कॉकटेल ठीक, किंमत चढी. शनिवारी फरशी दिसतच नाही एवढी गर्दी असते. मधल्या वारी, नऊच्या आत जा आणि बारच्या डाव्या टोकाला उभे राहा.