वेट पॅलेट: घरचं की विकतचं?

मी 1/72 मापाचे सैनिक रंगवतो. साडेपाच फुटांचा माणूस या मापात जेमतेम 23 मिलिमीटरचा होतो, आणि त्याच्या कोटाची कड उजळायला लागणारा रंग खसखशीच्या दाण्याएवढा. एवढासा ॲक्रिलिक मे महिन्यात पंख्याखाली कोरड्या बशीत ठेवला, की ब्रश धुऊन परत येईपर्यंत त्यावर साय धरलेली असते. त्यामुळे वेट पॅलेट (झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर कागद आणि कागदावर रंग; खालून ओल मिळत राहते म्हणून रंग लवकर वाळत नाही) हवं की नको, या वादात मी शिरत नाही. हवंच. प्रश्न एवढाच, की डबा-स्पंज-कागद गोळा करून घरी जमवायचं की तयार आणायचं.

मी दोन्ही वापरली. घरचं जवळपास चार वर्षं, विकतचं दीड. विकतचं मेहुण्याने परदेशातून आणलं होतं, त्यामुळे त्याच्याविषयी वाकडं बोलताना जीभ जरा अडखळते.

आणि खरं तर पहिल्या आठवड्यात मी घरचा डबा टाकूनच द्यायला निघालो होतो. विकतच्याचा फोम सपाट, कागद बरोबर मापाचा, झाकण घट्ट. नेपोलियनच्या पायदळाचा गडद निळा कोट चाळीस जणांना सारखाच द्यायचा, तर एकदा कालवलेला निळा तीन-चार संध्याकाळी तरी पुरायला हवा. विकतच्यात तो पुरला. घरच्यात दुसऱ्या दिवशी हमखास, तिसऱ्या दिवशी नशीब. स्कूटरवरून मित्राकडे रंगवायला जायचं, तर तिथेही विकतचं पुढे. माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण वळणावर उघडून पिशवी एकदा निळी झाली आहे.

घरचं बिघडतं ते बहुतेक कागदापायी. स्टेशनरीच्या दुकानात बटर पेपर म्हणून मिळतो तो आणू नका. माझा तरी ओला होताच सुरकुतला आणि रंग त्या सुरकुत्यांतून वाहत गेला. मेणकागद तर पाणी वर येऊच देत नाही. केकच्या सामानाच्या दुकानात बेकिंगचा पार्चमेंट मिळतो, तो घ्या. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, मग पसरा आणि मधून कडेकडे बोटाने हवा काढत जा. बुडबुडा राहिला की नेमका त्याच्यावरचा रंग वाळतो. पाणीही बेताने. कागदावर तळं दिसलं की जास्त झालं. पहिल्या दोन-तीन वेळा चुकेल, मग हात बसतो.

इथवर पारडं विकतच्याकडेच झुकलेलं दिसेल. माझंही होतं, जुलैपर्यंत.

पावसाळ्यात घरात आधीच टॉवेल वाळत नाहीत. त्यात चार दिवस कामात गेले, पॅलेट बंदच राहिलं. पाचव्या दिवशी झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “काय रे, मोरीचं जाळीझाकण काढलंस का?” जे झाकण रंग ओला ठेवतं, तेच बुरशीलाही ऊब देतं; झाकण जितकं घट्ट तितका वास जोरकस. फोम साबणाने धुतला, गरम पाण्यातून काढला, उन्हात ठेवला असता पण ऊन नव्हतं. आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. पाण्यात तांबं ठेवलं की बुरशी आवरते असं बरेच जण सांगतात, म्हणून जुन्या वायरीतली तांब्याची तार सोलून घातली. वास थोडा कमी झाला असावा. फोमवर हिरवट डाग मात्र नक्की पडला.

एवढं होऊनही तो फोम टाकवेना, कारण बदली फोम इथल्या दुकानांत मला सापडला नाही आणि मेहुणा दोन वर्षांतून एकदा येतो. घरच्या डब्यात ही पंचाईतच नाही. मी तर आता स्पंजही घालत नाही. स्वयंपाकघरातल्या टिश्यूच्या चार घड्या, वर पार्चमेंट, आणि रविवारी सगळं कचऱ्यात. डबा घासला की नवा. चाळीस जणांचा निळा रंग लागोपाठच्या दोन संध्याकाळी उरकायची सवय लावून घेतली, तेवढीच काय ती तडजोड.

माझं घर ओलसर, तळमजल्यावरचं. कोरड्या हवेत राहणाऱ्यांना किंवा रोज न चुकता बसणाऱ्यांना हा जाच कदाचित जाणवणारही नाही. त्यांनी विकतचं घ्यायला माझी हरकत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी महिनाभर घरचं वापरून बघावं, असं मला वाटतं. घरात सापडणाऱ्या डब्यात आणि कागदाच्या एका गुंडाळीत भागतं, आणि पाणी किती, रंग किती, हे कळून जातं.

सोनेरी-चंदेरी रंग आणि वॉश (खाचांत सावली उतरवायचा पातळ रंग) दोन्ही पॅलेटांत घालू नका. चकाकीचे कण पाण्याबरोबर पसरतात आणि मग तुमच्या सैनिकाच्या नाकावरही चमचम दिसते. त्यांना जुनी टाइल बरी.

मेहुण्याचा डबा अजून आहे. मित्राकडे जाताना तोच नेतो, आत टिश्यूच्या चार घड्या घालून. फोम माळ्यावर आहे, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, गाठ मारून.