जुन्या ब्रिटिश फार्सवाल्यांच्या सह्या: पोस्टकार्ड घ्यावं की मोठा ग्लॉसी?

लंडनच्या रंगभूमीवरच्या जुन्या विनोदी नटांचे सही केलेले फोटो जमवायचं ठरवलं की लवकरच दोन वाटा फुटतात. एक ऑल्डविच थिएटरच्या जमान्याची, म्हणजे १९२३ ते १९३३: टॉम वॉल्स, एका डोळ्याला भिंग लावलेला राल्फ लिन आणि या दोघांच्या तावडीत सापडणारा रॉबर्टसन हेअर. यांच्या सह्या मला तरी जास्त करून पोस्टकार्डाएवढ्या फोटोंवर मिळाल्या. दुसरी वाट व्हाइटहॉल थिएटरची. तिथे १९५० ते १९६६ ब्रायन रिक्सचं राज्य होतं, आणि फोटो आठ बाय दहा इंची, चकचकीत.

भिंतीवर लावायचं असेल तर मोठाच घ्या. रंगमंचावर पँट घसरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रिक्सचा चेहरा पोस्टकार्डात पाहण्यात काय मजा? फक्त फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जिलेटिनचा थर काचेला चिकटला की सुटत नाही.

माझं बिनसलं ते काळ्या कोटावरून. हे फोटो स्टुडिओतले, नट गडद सुटात, आणि सही करायला हात जातो तो नेमका छातीवर. काळ्यावर निळं बॉलपेन! त्यात चकचकीत कागदावर शाई नीट धरतही नाही, नुसता ओरखडा उमटतो. पाहुणा विचारतो, "सही कुठाय?" मग फ्रेम भिंतीवरून काढून दिव्याखाली तिरकी धरायची. सही वाचायची सोडून चाचपायची वेळ येते. फिकट सुटातले फोटोही असतात म्हणा, पण विकायला येतात तेव्हा माझ्याआधी कुणीतरी उचललेले असतात.

पोस्टकार्डातही गडद कोट असतातच. पण माझ्याकडच्या बऱ्याच कार्डांवर खालचा भाग फिकट सोडलेला आहे आणि सही तिथेच, फाउंटन पेनाने. इथली मेख वेगळी: छापील सही. पांढरी सही दिसली की सावध व्हा, ती बहुधा निगेटिव्हवर लिहिलेली असते. काळी असेल तर भिंगातून पाहा. खरी शाई पृष्ठभागावर बसते, रेघा एकमेकींना छेदतात तिथे गडद होते आणि तिरक्या उजेडात तिची चमक फोटोहून वेगळी दिसते. कुणा डोरिसला किंवा मेबलला उद्देशून लिहिलेलं कार्ड स्वस्तात सुटतं. मला उलट तेच आवडतं, कारण छापखाना डोरिसचं नाव कशाला घालेल?

हेअर १९७९पर्यंत जगला, साठच्या दशकात टीव्हीवर आर्चडीकनच्या, म्हणजे वरिष्ठ पाद्र्याच्या, भूमिकेतही गाजला, त्यामुळे तो दोन्ही आकारांत सापडू शकतो. त्याच्या फोटोत सहीला सगळ्यात उजळ जागा म्हणजे टक्कल, पण तिथे कोण सही करणार!

तुमचा जीव रिक्सवर असेल तर माझ्या सांगण्यावरून बेत बदलू नका. फक्त विकणाऱ्याकडून तिरक्या उजेडात काढलेला एक फोटो आधी मागवा. आणि अजून कुणावरच जीव जडला नसेल, तर राल्फ लिनच्या एखाद्या कार्डापासून सुरुवात करायला हरकत नसावी.