दोन फुटी टाकीला फिल्टर: 300 चा की 800 चा?

भाचीने माशांसाठी दोन फूट बाय एक बाय एकची काचेची टाकी घेतलीये. दुकानदार म्हणतो, मोठाच फिल्टर घ्या. ती अडकलीये ताशी 300 लिटर आणि 800 लिटरमध्ये.

आधी पाणी मोजू. टाकी काठोकाठ 56 लिटरची, पण खडी घालून वर दोन बोटं सोडली की उरतं 45-50. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं तरी पुरे. म्हणजे 300 चा बसतो, आणि डब्यावरचा आकडा स्पंज न लावलेल्या पंपाचा असतो. स्पंज मळला की धार मंदावते, तेही त्यात निभतं.

800 च्या धारेत गप्पीसारखे छोटे मासे दमतात. लांब शेपटीचा फायटर मासा तर शेपटी सावरत कोपऱ्यात चिकटून बसतो.

वीज? 5 वॅटचा महिनाभर अखंड चालला तर साडेतीन युनिट, 15 वॅटचा जवळपास 11.

मोठ्याचा स्पंज मोठा, धुणं उशिरा, हे मात्र खरं. (धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाच्या क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात.)

गप्पी, मॉली, फायटर असतील तर 300. गोल्डफिश भारी घाण करतात. त्यांना 800 चा, धार काचेकडे वळवून. पण त्यांना आधी टाकीच मोठी हवी.