गॅस गिझर सर्व्हिसिंग, परभणी : चार स्टार, पाचवा का राहिला ते शेवटी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सकाळी नळाचं पाणी हातावर पडलं अन् आठवलं. आमच्या परभणीची थंडी काय सांगायची, डिसेंबरात पारा पार एक आकडी होतो मग घरोघरी गिझर सुरू. आमचा गॅसचा, सहा लिटरवाला, २०१३ ला घेतलेला, बाथरूममधीच भिंतीला टांगलेला. दोन जाडे सेल टाकले की टकटकटक करून पेटायचा, पाणी कडक. चालायलाय ना मग कशाला हात लावा, असा आपला हिशोब.

मागच्या जानेवारीत आई आंघोळ करून आली की डोकं धरून बसायली, मळमळ, अंगात त्राण नाही. घरात सगळ्यांचं एकच, पित्त झालं. रात्रीच्या भरल्या वांग्यावर खापर फोडलं, लिंबूपाणी दिलं, तासाभरात बरं वाटायचं म्हणून विषय संपायचा. मग एका रविवारी पाहुणे होते, एकामागं एक आंघोळी झाल्या, पहिल्याला काही नाही, दुसऱ्याला डोकं जड, तिसरा मी, मला तर साबण लावता लावता गरगरलं अन् कडी उघडून तसाच टॉवेलवर बाहेर येऊन बसलो. कोरोनातलं ऑक्सिमीटर पडलेलं होतं ते बोटाला लावलं, ९८. झालं, परत पित्तच.

या दुकानाचा नंबर मेहुण्यानं दिला. उद्या येतो म्हणले अन् तिसऱ्या दिवशी आले, हे पहिलं गाऱ्हाणं. पण दुकानाचे मेकॅनिक मामा आले ते गिझरकडं न जाता दारातच उभे राहिले, मला म्हणले गरम पाणी सोडा अन् जाळ कसाय बघा. मी म्हणलं पिवळा. "निळा पायजे, पिवळा कामून?" एवढंच म्हणले अन् सिलेंडरवरचं रेग्युलेटर आधी बंद केलं.

कव्हर काढलं तर आतल्या पात्यांमधी काजळी ठासून भरलेली. मामांनी बोट फिरवलं अन् पांढऱ्या टाइलवर एक रेघ ओढली, डोळ्यात घालायच्या काजळासारखी काळी कुळकुळीत. ती रेघ बायकोनं तीनदा घासली, थोडी अजून दिसते. कॉइलच्या आतून आपल्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर, त्यानं पाणी तापत नाही म्हणून आपण गॅस वाढवतो, वर काजळीनं वाट चोंदलेली, हवा पुरत नाही, मग गॅस अर्धवट जळतो. आधीचा एक जण दरवर्षी यायचा, सेल बदलायचा, दोनशे रुपये घ्यायचा अन् "गॅस जरा वाढवून दिलाय भाऊ" म्हणून जायचा. कव्हर त्यानं एकदाबी उघडलं नाही अन् मीबी उघड म्हणलं नाही.

मग मामांची नजर झरोक्याकडं गेली. थंड वारं येतं म्हणून मीच थर्माकोल बसवून वरून टेप मारलेली. "हे कुणी केलं?" मी गप. त्यांनी न विचारता ते ओरबाडून काढलं.

सिलेंडरला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, पण अर्धवट जळाल्यावर जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला ना वास ना रंग. नंतर आमच्या भाच्यानं, तो मेडिकलला शिकतो, सांगितलं की हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, अन् बोटाच्या त्या मशीनला दोन्हीतला फरकच कळत नाही म्हणून आकडा चांगला दिसतो. ते ९८ आठवून मला दोन रात्री झोप नाही आली.

मी म्हणलं साफ करा अन् आहे तिथंच बसवा. मामा म्हणले, "बाथरूममधी मी लावणार नाही, लावायचाच असेल तर दुसरा माणूस बघा." गिऱ्हाईक जाईल ही फिकीर नाही. हे चार स्टार त्या एका वाक्याचे हायेत. जुन्या कॉइलवर पैसे घालू नका म्हणले, नवा कुठूनबी घ्या, आयएसआय मार्क बघा. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा असतो ना, असं मी शहाणपण केलं तर म्हणले, जाळ बंद होतो, कोंडलेली हवा कुठं जाते?

गिझर आता मागच्या उघड्या गॅलरीत, बाथरूममधी फक्त पाइप. गॅसची केशरी नळीबी बदलली, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची, आमची गिझरच्याच वयाची निघाली. व्हिजिट २५०, फिटिंग अन् पाइप मिळून १,४०० लागले, बिल मागितलं तर वहीच्या पानावर दिलं.

आईचं पित्त तेव्हापासून गेलं, वांगी चालू हायेत.

पाचवा स्टार का नाही, तर गॅलरीत वारं सुटलं की जाळ विझतो अन् डोक्याला साबण असताना गार पाणी येतं. मामांनी बाजूनं पत्रा लावून देतो म्हणले होते, वरून अन् समोरून झाकायचं नाही हे तीनदा बजावलं, पण पत्रा घेऊन काही आले नाहीत. तीन फोन झाले. आले की स्टार वाढवतो.