सल्लागारानं गंडवलं, कर आपल्या नावावर थकला: आयकराचं ई-फायलिंग पोर्टल कितपत कामी येतं?

पगारातून कापलेला टीडीएस परत मिळवून देतो, रिफंड आला की त्यातली टक्केवारी द्या, असं सांगणारे सल्लागार एमआयडीसीच्या गेटपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे भेटतात. कधीच न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज असं सगळं ते रिटर्नमध्ये घालतात. रिफंड येतो, टक्केवारी जाते आणि दोन-तीन वर्षांनी वसुली निघते. 14 जुलै 2025 रोजी आयकर खात्यानं अशाच मंडळींविरुद्ध देशभरात 150 ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते.

फसलेल्या माणसाला सगळ्यात आधी तोंड द्यावं लागतं ते खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलला. म्हणून परीक्षण त्याच्याच नजरेनं. काय झालंय ते शोधायला पाचपैकी चार गुण, पैसे भरायला तीन, दाद मागायला दोन.

पहिलं काम खातं ताब्यात घेण्याचं, आणि ते सल्लागाराला जाब विचारण्याआधी करायचं. पासवर्ड त्याच्याकडेच असतो, मोबाइल आणि ईमेलही बहुधा त्याचाच घातलेला असतो. नोटिसा त्या ईमेलवर जातात आणि तिथेच पडून राहतात. रिटर्नच्या हंगामापुरते ईमेल उघडून नंतर ते वाऱ्यावर सोडले जातात, हे खात्यानंच नमूद केलं आहे. इथे पोर्टलला पूर्ण गुण द्यावे लागतात. पॅन टाकून ‘पासवर्ड विसरलात’ निवडलं की आधार ओटीपीनं नवा पासवर्ड करता येतो. आधारला जोडलेला मोबाइल तेवढा आपला हवा. आत गेल्यावर प्रोफाइलमध्ये संपर्काचा मोबाइल आणि ईमेल बदलायचा, रिफंडसाठी नोंदवलेली बँक खाती एकेक करून बघायची आणि ई-फायलिंग व्हॉल्टमध्ये लॉगिनसाठी आधार ओटीपी सक्तीचा करायचा.

मग भरलेल्या रिटर्नांची यादी. प्रत्येक वर्षाच्या रिटर्नची पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या. नुसती पोचपावती उपयोगाची नाही, तिच्यात वजावटींचा तपशील नसतो. शेजारी त्या वर्षाचा फॉर्म 16 (कंपनीकडून मिळणारा पगार आणि टीडीएसचा दाखला), भाग ब ठेवा आणि आयकर कायद्याच्या प्रकरण सहा-अ च्या वजावटी ओळीनं ताडून बघा. अलीकडच्या रिटर्नांत कलम 80जीजीसीचं, म्हणजे राजकीय देणगीच्या वजावटीचं, वेगळं परिशिष्ट आहे: देणगीची तारीख, रोख किती, बँकेतून किती, व्यवहाराचा क्रमांक, आयएफएससी. तो व्यवहार आपल्या पासबुकात नसेल तर दावा खोटा हे तिथेच कळतं. हाच पुरावा पुढे लागतो.

थकबाकीच्या पानावर मात्र जपून. प्रलंबित कामांमध्ये थकीत मागणीला उत्तर देण्याची सोय आहे आणि दोनच रस्ते आहेत: मागणी बरोबर आहे, किंवा पूर्ण अथवा अंशतः मान्य नाही. ‘बरोबर आहे’ एकदा नोंदवलं की नंतर नाकारता येत नाही. घाबरून सगळ्यात आधी तेच दाबलं जातं. नेमकं किती चुकीचं आहे हे रिटर्नवरून कळेपर्यंत हात आवरा. पण मुदत चुकवू नका: मागणीची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे भरायचे असतात, नंतर दर महिन्याला किंवा त्याच्या भागाला एक टक्का व्याज चढतं. एकरकमी भरणं शक्य नसेल तर हप्त्यांसाठी अर्ज आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे, याच 30 दिवसांत.

भरणा करताना हमखास होणारी चूक म्हणजे थकबाकीचे पैसे 300 या गौण शीर्षाखाली (चलनावरचा भरण्याचा प्रकार), म्हणजे स्वयंनिर्धारण कर म्हणून भरणं. ते जायला हवेत 400 खाली, म्हणजे खात्यानं ठरवलेला कर म्हणून. चूक झाली तर पैसे खात्याकडे पोचतात, पण थकबाकी तशीच दिसत राहते आणि पुढचा रिफंड तिच्यात वळता होतो. त्या मागणीसमोरच्याच बटणावरून पैसे भरा, म्हणजे मागणीचा क्रमांक आणि शीर्ष आपोआप येतात.

नोटीस अजून आली नसेल तर आयटीआर-यू, म्हणजे मुदतीनंतर भरायचं अद्ययावत रिटर्न, हा तुलनेनं स्वस्त रस्ता, पण त्याची किंमत काळाबरोबर वाढते. आकारणी वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पहिल्या 12 महिन्यांत कर आणि व्याज यांच्या बेरजेच्या 25 टक्के जादा, 24 पर्यंत 50, 36 पर्यंत 60, 48 पर्यंत 70. उदाहरण घ्या: आर्थिक वर्ष 2022-23, जुनी करपद्धत, खरं करपात्र उत्पन्न 9 लाख, खोट्या वजावटी घालून दाखवलं 7 लाख. बुडालेला कर 20 टक्क्यांनी 40,000, उपकरासह 41,600. मार्च 2026 मध्ये भरला तर 36 महिन्यांचं व्याज 14,976, जादा कर 28,288, एकूण 84,864. एप्रिल 2026 मध्ये हाच आकडा 91,187 होतो. एका महिन्यात सव्वासहा हजार. त्या वर्षाच्या छाननीची नोटीस हाती पडली असेल तर हा रस्ता बंद.

पोर्टल सगळ्यात कमी पडतं ते इथे: ‘हे माझ्या सल्लागारानं केलं’ असं म्हणायला रकानाच नाही. कायद्याच्या लेखी रिटर्न करदात्याचंच. ओटीपी फोनवर सांगितला म्हणजे सही केली. तरीही बाजू मांडावीच लागते, कारण दंडात मोठा फरक आहे. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या 50 टक्के, चुकीची माहिती देऊन दडवलं तर 200 टक्के. पहिल्या प्रकारात कर आणि व्याज वेळेत भरून, अपील न करता, फॉर्म 68 नं दंडमाफी मागता येते, दुसऱ्यात 2025 पर्यंत ही सोय नव्हती. म्हणून ई-प्रोसीडिंगच्या (पोर्टलवर नोटिसांना उत्तर देण्याच्या विभागातल्या) उत्तरात ‘मला माहीत नव्हतं’ एवढंच लिहून थांबू नका. खोटे दावे कोणते ते रकमेसह मान्य करा. सल्लागाराला पाठवलेल्या यूपीआयच्या पावत्या, त्याचे मेसेज, तुम्ही त्याला खरोखर दिलेली कागदपत्रं जोडा. पैसे भरले असतील तर चलनही.

तक्रारीची पोच याच उत्तराला जोडता आली तर उत्तराला वजन येतं. त्यासाठी सल्लागार खरंच सीए आहे का हे सीएंची संस्था असलेल्या आयसीएआयच्या सदस्य यादीत बघा. पाटीवर ‘टॅक्स कन्सल्टंट’ कोणीही लिहू शकतो. सदस्य असेल तर आयसीएआयच्या शिस्तपालन विभागाकडे फॉर्म आय, शुल्क 2,500 रुपये. नसेल तर पोलीस ठाणं: 1 जुलै 2024 पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318, त्याआधीच्या व्यवहारांना भारतीय दंड संहितेचं 420. अर्जात वर्षनिहाय तक्ता द्या: कोणता दावा, किती रक्कम, रिफंड कधी आला, त्याला टक्केवारी कधी आणि कशी दिली.