चावी मीच दिली होती

शाळेपासूनच्या मित्राने माझ्याकडून पहिल्यांदा नेला तो मॅग्नेट पुलर, इंजिनचा मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार. दुसऱ्या दिवशी सकाळी परत, तोही ऑइलच्या फडक्याने पुसून. मग क्लच केबल नेली, त्या बदल्यात नवीकोरी आणून दिली. त्यानंतर इंजिनचा जुना ब्लॉक मागितला, तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. तो ब्लॉक परत आला नाही, पण 'असेल कुठेतरी' म्हणून मीही गप्प बसलो. दापोलीत माणसं एकमेकांकडे नारळ सोलायचा कोयता मागतात तसंच हे, असं मला वाटायचं.

गाडी बाबांची. १९९१ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल. हे मॉडेल १९९६ सालीच बंद झालं, त्यामुळे ओरिजिनल कार्ब्युरेटर, ओरिजिनल सायलेन्सर यांना आज शौकीन लोक सांगाल ती किंमत देतात. मला हे माहीत होतं. त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

मग एक दिवस त्याने गाडीच मागितली. "गुहागरला लग्न आहे रे, दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे जातो, परवा आणून देतो." परवा उलटून बारा दिवस झाले. फोन केला की रेंज नाही, नाहीतर पाऊस. गाडी आली ती रात्री, धुऊन चकचकीत. चावी आईच्या हातात देऊन हा पसार. धुतलेली गाडी बघून मी खूश झालो, हा माझा मूर्खपणा. चेनच्या खाचांत वाळू होती. कर्द्याच्या किनाऱ्यावर त्याचा चुलतभाऊ ती पळवत होता, हे नंतर कळलं. त्या भावाकडे लायसन्स नाही. काही झालं असतं तर निस्तरायला आम्हीच होतो.

सकाळी किक मारली आणि आवाज वेगळा. आरएक्स वापरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलला आणि काही न बोलता माझ्या हातात ठेवला. मूळ कार्ब्युरेटरवर असतो तो मिकुनी कंपनीचा शिक्काच नाही. सायलेन्सर लोकल. ऑइल पंप काढून तोंड बंद केलेलं. म्हणजे टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) आता हाताने पेट्रोलमध्ये मिसळायचं, आणि ते मला कोणी सांगितलेलं नाही. त्या सकाळी फेरी मारायला निघालो असतो तर पिस्टन धरलाच असता, इंजिन जाम.

विचारलं तर म्हणाला, "अरे, आधीपासूनच तसं होतं." आमच्या शाळेची शपथ घेतली वर.

पोलिसांनी एकच प्रश्न केला: पार्ट तुमचेच कशावरून? आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो. ते दोन्ही जागच्या जागी होते. कार्ब्युरेटरची नोंद कुठे असते? माझ्याकडे एक फोटो नव्हता, 'गाडी नेतोय' असा एक मेसेज नव्हता. सगळं तोंडी, मैत्रीत लिहून कसं मागायचं म्हणून. त्याच लाजेवर त्याचा धंदा चालतो. आता मी कोणालाही चावी देण्याआधी त्याच्या देखत इंजिनचे दोन्ही बाजूंनी फोटो काढतो आणि त्यालाच पाठवतो. राग आला तर येऊ दे.

चार महिन्यांनी चिपळूणमधल्या एका विकाऊ आरएक्सचा फोटो पाहिला. सायलेन्सरला खालून पोचा होता. दाभोळ जेटीवर बाबांची गाडी कलंडली होती, तेव्हाचा. बाबांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला आणि मोबाइल उलटा ठेवला.

गेल्या गणपतीत त्याचा मेसेज आला: "मॅग्नेट पुलर आहे ना रे तुझ्याकडे? उद्या देतो परत."