३.५५ चे ४.५६ झालेच नाहीत

ट्रकच्या दोन्ही ऍक्सलमधले गिअर बदलून देतो म्हणून एका गॅरेजने माझ्याकडून २,९०० डॉलर घेतले आणि प्रत्यक्षात एकही गिअर बदलला नाही. अमेरिकेत ट्रक किंवा जीप उंच करून मोठे टायर घालणारी आपली मंडळी आता कमी नाहीत, आणि हे काम आज ना उद्या त्यांच्यापुढे येतंच. म्हणून सविस्तर लिहितोय. गॅरेजचं नाव देत नाही, कारण अर्ध्या पैशांचा वाद अजून चालू आहे. डेन्व्हरच्या आसपासचं आहे एवढंच सांगतो.

ट्रक २०१२ चा फोर्ड एफ-१५०, ५.० लिटरचा व्ही-८, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. कंपनीचे टायर साधारण ३२ इंची होते. सस्पेन्शन उंच करून मी ३५ इंची घातले. दिसायला ट्रक झकास झाला आणि चालायला मठ्ठ. कारण सरळ आहे. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं आणि चाकाला मिळणारा जोर घटतो. त्यात डेन्व्हर मुळातच मैलभर उंचीवर. मागे कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) लावून आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालो की ११,००० फुटांपर्यंतचा चढ आणि विरळ हवा. टर्बो नसलेल्या इंजिनाला दम लागतो, गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात नुसता घोळ घालत राहतो.

यावर उपाय म्हणजे ऍक्सलचा रेशो बदलणं. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ऍक्सलमधल्या दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या भागात, क्राउन (मोठं दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) असतात, तो जोड बदलायचा. माझा मूळ रेशो ३.५५ होता, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ऍक्सलकडे जाणारा दांडा) साडेतीनच्या थोडं वर फिरणार. ओझं ओढायचं आहे म्हणून ४.५६ घ्यायचं ठरवलं. फोर बाय फोरला पुढचा आणि मागचा रेशो एकच लागतो, नाहीतर फोर-व्हील लावल्याबरोबर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात आणि ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ऍक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीची) वाट लागते. म्हणून काम दुप्पट आणि बिलही दुप्पट.

गॅरेजवाला भलताच गोडबोल्या. बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली फट, किती हजारांश इंच ठेवतो, दातांवर रंग लावून घासल्याची खूण कशी तपासतो, सगळं इतकं पद्धतशीर समजावलं की हा माणूस कामातला आहे याबद्दल शंकाच उरली नाही. मला वाटतं तो खरोखरच कामातला होता. असे लोक जास्त घातक, कारण कुठे काय लपतं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. अर्धे पैसे आगाऊ कार्डावर घेतले. बाकीचे रोख दिले तर सूट देतो म्हणाला.

ट्रक हातात आला तेव्हा पेडलला पाय लावताच उसळी मारून निघाला. स्पीडोमीटरसुद्धा सुधारलेला. ३५ इंची टायर घातल्यापासून खरा वेग ६५ मैल असताना काटा ६० च्या आसपास दाखवायचा, तो आता फोनच्या जीपीएसशी तंतोतंत जुळत होता. वर फोटो पाठवलेले, पिवळा रंग लावलेले नवे कोरे दाते. आणखी काय हवं? जुने गिअर कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, भंगारात गेले. आणि जाताजाता, ‘उद्याच कॅम्पर लावून डोंगरात जा, मजा बघ.’

हे शेवटचं वाक्य ऐकलं की सावध व्हा. नव्या क्राउन-पिनियनला रुळायला वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला थोडं हलकं चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पहिले ५०० मैल काही ओढायचं नाही आणि मग तेल बदलायचं. जो कारागीर हे बजावत नाही त्याने एकतर काम कच्चं केलंय किंवा केलेलंच नाही.

सूचना नव्हती तरी मी तेवढे मैल काढले आणि मगच कॅम्पर जोडला. चढाला लागल्यावर पहिले पाढे पंचावन्न. तीच धाप, तोच तिसऱ्या-चौथ्याचा घोळ. पेडल पूर्ण दाबलं तर पूर्वीपेक्षा काडीचा फरक नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. हा हिशेब कुणालाही करता येतो. ताशी मैल गुणिले ऍक्सलचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत, आणि त्याला ज्या गिअरमध्ये आहात त्याच्या रेशोने गुणायचं. माझ्या गिअरबॉक्सचा सहावा ०.६९ आहे. ६५ मैलांना ३.५५ वर १,५३० च्या आसपास आरपीएम (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) येतात, ४.५६ वर १,९६०. टायर वजनाखाली थोडा दबतो म्हणून काटा किंचित वर दिसेल. पण चारशेचा फरक कुठे लपणार? सपाट रस्त्यावर सहाव्यात ६५ ला माझा काटा दीड हजाराच्या जरासा वर होता.

मग ट्रकच्या संगणकात काय भरलंय ते बघायचं ठरवलं. फोर्डवाल्यांसाठी फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, स्वस्तातला अडॅप्टर डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि लॅपटॉपवर वाचायचं. टायरचं माप ३५ इंचाप्रमाणे वाढवलेलं, ऍक्सलचा रेशो मात्र ३.५५. हा ट्रक वेग काढतो तो गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या फेऱ्यांवरून, या दोन आकड्यांच्या मदतीने. आत खरोखर ४.५६ असते आणि संगणकाला ३.५५ सांगितलं असतं, तर स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा चांगला २८ टक्के जास्त दाखवत सुटला असता. तो बरोबर दाखवत होता, हाच पुरावा. ज्या गोष्टीवर मी आधी भाळलो होतो तीच त्याच्यावर उलटली.

सॉकेट शोधायला डॅशबोर्डखाली वाकलो होतो, तेव्हाच पेडलच्या वर एक अनोळखी वायर दिसली. तिच्यामागे काडेपेटीएवढा काळा डबा, प्लास्टिकच्या पट्टीने वर बांधून ठेवलेला, सहज नजरेला पडू नये असा. हा थ्रॉटल बूस्टर. हल्ली पेडल आणि इंजिन यांच्यात केबल नसते, सिग्नल जातो. हा डबा तो सिग्नल फुगवतो. तुम्ही पाव दाबा, इंजिनाला निम्मं दाबल्याचा निरोप. चौकातल्या एका लाल दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत गाडी कशी तरतरीत वाटते. ताकद मात्र एका दमडीने वाढत नाही, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर तर डबा असून नसल्यासारखा. त्या उसळीचं गौडबंगाल हे होतं.

तरी खात्री करायची म्हणून सगळ्यात जुनी पद्धत वापरली. सपाट जागा, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, मागचं एकच चाक जॅकवर आणि खाली स्टँड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण. एकच चाक अधांतरी असलं की ते दोनदा पूर्ण फिरवायचं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या, तो तुमचा रेशो. साडेतीन फेऱ्या झाल्या, खूण जराशी पुढे गेली आणि चाकाच्या दोन फेऱ्या संपल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रकखाली शिरू नका, स्टँड लागतोच.

मग दुसऱ्या गॅरेजमध्ये मागच्या डिफरन्शियलचं झाकण उघडून घेतलं. तिथला म्हातारा मेकॅनिक झाकणाकडे बघूनच हसला. कडेने ताजा काळा सिलिकॉन फिरवलेला, बोल्टवर नवा रंग. बाहेरचा सिलिकॉन नखाने सोलून निघाला, आत जुनाच थर शाबूत, म्हणजे झाकण उघडलेलंच नव्हतं. तेल काळं डांबर, आतल्या लोखंडाची पूड धरणाऱ्या चुंबकावर वर्षानुवर्षांचा गाळ. क्राउनच्या कडेला ३९ आणि ११ हे दात्यांचे आकडे कोरलेले. ३९ भागिले ११, ३.५५. चार-छप्पन्नला ४१ आणि ९ असायला हवे होते.

त्यानेच फोटोंचीही वासलात लावली. माझा मागचा ऍक्सल ९.७५ इंची, त्याच्या झाकणाला १२ बोल्ट. ‘मागचा ऍक्सल’ म्हणून आलेल्या फोटोत मोजून १०. कुणा दुसऱ्याच्याच गाडीचा फोटो होता.

काम देतानाच काही गोष्टी लेखी मागा. कोलोरॅडोच्या वाहनदुरुस्ती कायद्याप्रमाणे काम देताना मागणी केली तर बदललेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत द्यावे लागतात. मागणी वर्क ऑर्डरवरच लिहून घ्या, नंतर ‘भंगारात गेले’ ऐकायला मिळतं. नव्या जोडाचा डबा मागा. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून जोडीने येतात, दोन्हींवर एकच जुळणीचा क्रमांक असतो. फोटो मागायचा तर त्यात तुमची नंबरप्लेट आणि उघडं डिफरन्शियल एकाच चौकटीत हवं. आणि उरलेले पैसे देण्याआधी हायवेवर एक चक्कर मारून आरपीएम बघा. याला पाच मिनिटं लागतात आणि कुठलाच गोडबोल्या इथे मध्ये येऊ शकत नाही. स्पीडोमीटर आणि पेडलची उसळी, या दोन गोष्टींवरून काहीही ठरवू नका.

पैशांचं म्हणाल तर कार्डावरचे परत आले. दोन्ही ऍक्सलचं बिल, उघडलेल्या झाकणाचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचं लेखी मत कार्ड कंपनीला पाठवलं. बिलावरच्या हरकतीसाठी स्टेटमेंटपासून ६० दिवसांची मुदत असते, ती उलटू देऊ नका. रोख दिलेल्या पैशांसाठी मात्र स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) गेलोय. कोलोरॅडोत तिथे ७,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. रोखीची पावती मी आग्रहाने घेतली होती म्हणून दावा उभा तरी राहिला. गॅरेजवाल्याचं म्हणणं असं की गिअर बसवले होते, नंतर मीच काढून विकले आणि जुने परत घातले. चुंबकावरच्या गाळाचं काय, यावर त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

खरे ४.५६ त्या म्हाताऱ्याकडूनच बसवून घेतले. ६५ ला काटा आता दोन हजाराच्या जवळ असतो आणि चढाला गिअरबॉक्स एका गिअरवर टिकतो. पेट्रोल सपाटीवर थोडं जास्त जातं, ते आधीच माहीत होतं.